एक फेज गेलेला तारा

फाल्गुन शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमाराला चंद्र कृत्तिकांपाशी असतो. यवतमाळजवळच्या आमच्या नेरकडे तेव्हा तूर निघालेली असते, कपाशीची शेवटची वेचणी उरकत आलेली असते आणि रात्री गच्चीवर बसावंसं वाटेल इतका गारवा अजून शिल्लक असतो. अशाच एका फाल्गुनात सहा इंची दुर्बीण लावून मी आणि शेजारचा आठवीतला पोरगा, कृत्तिकांमधले तारे चंद्राआड जाताना पाहत बसलो होतो. चंद्राची उजळ कोर पश्चिमेकडे आणि उरलेलं बिंब राखाडी, जेमतेम जाणवणारं. त्या राखाडी कडेशी एकेक तारा यायचा आणि नाहीसा व्हायचा. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे मंद होत जाणं वगैरे काही नाही.

"काका, लाईन गेल्यावानी गेला," पोरगा पहिल्याच ताऱ्याला म्हणाला.

तासाभरानं एक फिकट तारा कडेपाशी आला. तो गेला, पण एका दमात नाही. आधी निम्मा झाला, डोळ्याला जेमतेम कळेल इतका वेळ तसाच राहिला आणि मग गेला. पोरगा दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला, "याची त पह्यले एक फेज गेली!"

शेतातल्या मोटरपंपाशी ज्याचा संबंध आलाय त्याला फेज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सगळी लाईन गेली तर गाव काळोखात. एकच फेज गेली तर समोरची आळी अंधारात आणि आपली उजेडात. पोरानं पाहिलं ते हेच होतं. तो तारा एक नव्हता, दोन होते, दुर्बिणीतूनही एकच दिसावेत इतके लगटून. चंद्राच्या कडेनं आधी एकाला गाठलं आणि पाव सेकंदानं दुसऱ्याला. नंतर यादी काढून पाहिली, तर तो जोडतारा म्हणून आधीच नोंदलेला निघाला. शोधाचं श्रेय काही आमच्या गच्चीला मिळालं नाही. पण ताऱ्यांच्या जोड्या ओळखायची आणि ताऱ्यांचा आकार मोजायची एक जुनी, स्वस्त आणि अजून न संपलेली पद्धत त्या पोराच्या वाक्यात पुरती आली होती. तिला शास्त्रीय मराठीत पिधान म्हणतात. पंचांगं 'पिधान युती' असा शब्द वापरतात.

पद्धत चालते ती चंद्राच्या चालीवर. चंद्र आपल्या बिंबाएवढं अंतर साधारण तासाभरात चालतो, म्हणजे सेकंदाला अदमासे अर्धी विकला. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) ताऱ्याच्या उजेडात चंद्राची सावली पृथ्वीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असते. चंद्राचा स्वतःचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या थोडा वर. नेर साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथली जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला ४३६ मीटर वेगानं त्याच दिशेला पळत असते. चंद्र डोक्यावर असेल तर उरतो सेकंदाला सुमारे ६०० मीटरचा फरक. या वेगानं सावलीची कड माझ्या गच्चीवरून जाते. आणि चंद्राच्या अंतरावर विकलेचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरहूनही कमी. तीन मिलिसेकंदांचा हिशेब ठेवता आला, तर विकलेचा हजारावा भाग हाती लागतो. त्यासाठी डोंगरावरची मोठी वेधशाळा लागत नाही, चांगलं घड्याळ आणि चपळ कॅमेरा लागतो. हवेच्या थरथराटामुळे मोठमोठ्या दुर्बिणींतही ताऱ्याचा ठिपका विकलाभर पसरतो, पण इथे मोजमाप हवेच्या पलीकडे, चंद्राच्या कडेवर होत असतं. हवा नंतर काय गोंधळ घालायचा तो घालो.

रोहिणीचं उदाहरण घ्या. तिचा कोनीय व्यास विकलेच्या हजाराव्या भागात २० च्या थोडा वर आहे. नेरहून जालना सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर पडतं. जालन्याच्या एखाद्या चौकात रुपयाचं नाणं उभं धरलं आणि ते नेरहून बघितलं, तर जेवढं दिसेल तेवढी रोहिणी. चंद्राच्या अंतरावर तिच्या बिंबाची रुंदी भरते सुमारे ३८ मीटर, आणि सावलीच्या कडेला ती ओलांडायला लागतात साठ-पासष्ट मिलिसेकंद. ज्येष्ठा याच्या दुप्पट, तिला सेकंदाचा आठवा भाग लागतो. सरावलेल्या डोळ्याला ज्येष्ठेचं जाणं इतर ताऱ्यांपेक्षा किंचित मऊ वाटतं ते यामुळे.

हे एवढं सोपं असताना शास्त्रज्ञांनी तीस वर्षं वाया का घालवली, याची गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. पर्सी मॅकमहन हा इंग्रज गणिती. तरुणपणी तोफखान्याचा अधिकारी म्हणून हिंदुस्थानात होता, पुढे संख्यांच्या विभाजनाची मोठी कोष्टकं त्यानं हातानं मांडली आणि रामानुजन-हार्डींचं सूत्र त्या कोष्टकांवर ताडून पाहिलं गेलं. १९०९ मध्ये त्यानं सुचवलं की तारा चंद्राआड जायला किती वेळ घेतो ते मोजलं तर ताऱ्याचा व्यास निघेल. त्याच वर्षी एडिंग्टननं हरकत घेतली. प्रकाश कडेवरून जाताना वळतो, सावलीची धार पुसट होते, ताऱ्याचा आकार त्या पुसटपणात बुडून जाईल. एडिंग्टनचा दबदबा असा की विषय तिथेच थांबला.

हरकत अर्धीच खरी होती. विवर्तनामुळे सावलीच्या कडेला उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात, हे बरोबर. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात पहिला पट्टा दहाएक मीटरचा, अवरक्त प्रकाशात वीसेक मीटरचा. पण हे पट्टे कसे पडणार ते गणितानं आधीच काढता येतं. तारा बिंदूसारखा असेल तर पट्टे ठसठशीत उमटतात. ताऱ्याला अंग असेल तर बिंबाच्या प्रत्येक भागाचे पट्टे एकमेकांवर चढून फिकट होतात. किती फिकट, त्यावरून अंग किती ते कळतं. एडिंग्टनला जी अडचण वाटली तीच मोजपट्टी निघाली. १९३९ मध्ये विल्यम्सनं हे गणित मांडलं आणि व्हिटफर्डनं माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून ते पट्टे प्रत्यक्ष नोंदवले. तोवर त्याच दुर्बिणीवर मायकेलसन आणि पीझ यांनी १९२० मध्ये आरसे दूर दूर बसवून काक्षीचा व्यास मोजलाही होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड एव्हान्सनं ज्येष्ठेवर काम केलं आणि १९७० च्या दशकात टेक्सासमध्ये त्यानंच, फोटॉन मोजणारी उपकरणं आणि दुर्बिणीशेजारी ठेवता येणारे संगणक हाती आल्यावर, या पद्धतीला रोजच्या कामाचं रूप दिलं.

ताऱ्याचा व्यास कळून करायचं काय, असा प्रश्न मला नेरमध्ये बऱ्याचदा विचारला जातो. चुलीसमोर बसलेल्या माणसाला अंगावर येणारी आच कळते. चुलीचं तोंड केवढं तेही कळलं, तर निखारा किती तापलाय ते सांगता येतं. ताऱ्याचंही तसंच आहे. आपल्यापर्यंत पोचणारा एकूण प्रकाश आणि बिंबाचा कोनीय आकार, या दोन गोष्टींवरून पृष्ठभागाचं तापमान थेट निघतं. तारा किती लांब आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. लाल राक्षसी ताऱ्यांच्या तापमानाची मापं बऱ्याच अंशी अशा पिधानांवर बेतलेली आहेत. जोडताऱ्यांचं महत्त्व वेगळं. एकटा तारा तोलता येत नाही, तराजूला दुसरं पारडं लागतं. दोन तारे एकमेकांभोवती किती दिवसांत आणि किती अंतरावरून फिरतात ते कळलं की वस्तुमान हाती येतं, आणि ताऱ्याचं सगळं आयुष्य त्याच्या वस्तुमानावर ठरलेलं असतं.

योगायोग असा की चंद्राच्या वाटेवरचे चार ठळक तारे, रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा, चौघंही आपल्या नक्षत्रांचे योगतारे, म्हणजे मुख्य तारे. आपली नक्षत्रं मुळात चंद्राच्या मुक्कामांसाठीच आखलेली, तेव्हा नवल कमी आहे. चित्रा हे चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणारं जोडपं आहे. टिळक पंचांगानं राशिचक्र जिथून मोजायला घेतलं तो रेवतीचा तारासुद्धा एकटा नाही, छोट्या दुर्बिणीतही त्याचे दोन दिसतात. आरंभबिंदूच दुहेरी, यावर पंचांगवाद्यांनी भांडण कसं केलं नाही कोण जाणे.

रोहिणीची भानगड जरा जास्त गमतीची आहे. ती क्रांतिवृत्ताच्या साडेपाच अंश दक्षिणेला, आणि चंद्र दक्षिणेला जाऊन जाऊन जातो सव्वापाच अंशांच्या आसपास. तेव्हा चंद्र तिला झाकतो ते जेमतेम, आणि तेही त्याच्या कक्षेचा पात, म्हणजे राहू, विशिष्ट जागी असेल तेव्हाच. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक शतकं त्यावरून केली जात. त्यात एक नियम आहे: राहू पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांत असतो तेव्हा चंद्र रोहिणीचा शकट भेदतो. शकट म्हणजे रोहिणी आणि तिच्या शेजारच्या ताऱ्यांची गाड्यासारखी दिसणारी आकृती. मी हा नियम अलीकडच्या फेरीवर लावून बघितला. रोहिणीची पिधानं जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात एकोणपन्नास वेळा झाली. त्या काळात राहू कन्येतून सिंहेत आणि तिथून कर्केत गेला. आठ नक्षत्रांचा पट्टा पुनर्वसूपासून चित्रेपर्यंत. एकोणपन्नासही पिधानं त्यात बसतात. आठ नक्षत्रं ओलांडायला राहूला साडेपाच वर्षं लागतात आणि पिधानांचा काळ साडेतीन वर्षांहून थोडा जास्त, कारण गाड्यात शिरणं सोपं आणि नेमकी रोहिणी झाकणं अवघड. राहूची फेरी १८.६ वर्षांची असल्यामुळे पुढची पाळी २०३३ मध्ये. लॅपटॉपवर पाच मिनिटांत निघणारी गोष्ट त्या माणसानं कवड्या आणि पाटीवर काढली होती. नुसतं कौतुक म्हणून हे सांगत नाही. पिधानांच्या जुन्या नोंदी कामाला येतात. इ.स. ५०९ मध्ये अथेन्सहून दिसलेल्या रोहिणीच्या पिधानाची नोंद एडमंड हॅलीनं १७१८ मध्ये तपासली आणि त्या व इतर ताऱ्यांच्या जुन्या नोंदींवरून तारे जागचे हलतात हे दाखवलं.

आता पुन्हा कृत्तिकांकडे येऊ, कारण माझ्या मते या पद्धतीची सगळ्यांत चांगली गोष्ट तिथेच घडली आहे. कृत्तिकांच्या पूर्व टोकाला अ‍ॅटलस नावाचा तारा आहे. आमच्या गच्चीवरून तो त्या रात्री एका झटक्यात गेला, दोघांनाही काही वेगळं दिसलं नाही. दिसणारही नव्हतं. त्याच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर विकलेच्या हजाराव्या भागात तेराच्या आसपास, म्हणजे चंद्राच्या कडेवर पंचवीसेक मीटर. चाळीस मिलिसेकंदांत काम आटोपतं. ते पकडलं मेक्सिकोतल्या तोनान्त्सिंत्लाच्या वेधशाळेत प्रकाशविद्युत उपकरण लावून बसलेल्या माणसांनी. मॅकग्रॉ, डनहॅम, एव्हान्स आणि मॉफेट यांनी १९७४ मध्ये कृत्तिकांच्या पिधानांच्या नोंदी छापल्या आणि अ‍ॅटलसच्या जोडपणाची चर्चा केली.

त्यानंतर वीसेक वर्षांनी हिप्पार्कस उपग्रहानं सगळ्यांना पेचात टाकलं. त्याच्या मापाप्रमाणे कृत्तिका ११८ पार्सेकवर, म्हणजे ३८५ प्रकाशवर्षांवर येत होत्या. इतर सगळ्या हिशेबांपेक्षा हे दहा टक्क्यांनी जवळ. ते खरं मानलं तर ताऱ्यांच्या आतल्या भट्टीचं गणितच चुकलंय असं म्हणावं लागत होतं. २००४ मध्ये पॅन, शाओ आणि कुलकर्णी यांनी अ‍ॅटलसच्या जोडीची कक्षा इंटरफेरोमीटरनं, म्हणजे मायकेलसनच्याच दूर दूर बसवलेल्या आरशांच्या रीतीनं, मोजली. दोन तारे २९१ दिवसांत एक फेरा घालतात. कक्षेवरून अंतर काढलं ते १३३ ते १३७ पार्सेक. जुनं गणित बरोबर होतं, उपग्रहाचं माप बिघडलेलं होतं. पुढे गाया उपग्रहानंही तेच सांगितलं. यातले कुलकर्णी म्हणजे श्रीनिवास कुलकर्णी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले, कॅलटेकमध्ये आयुष्य घालवलेले आणि २०२४ चे शॉ पारितोषिकाचे मानकरी. चंद्रानं दाखवलेली जोडी नसती तर मोजायला घेतलं काय असतं? इंटरफेरोमीटर कुठे रोखायचा हे आधी कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगण्याचं काम पिधानं वर्षानुवर्षं करत आली आहेत.

आपल्या देशात पिधानाचं सगळ्यांत मोठं काम झालं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या आकाशात. पार्श्वभूमी अशी: ऑगस्ट १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीनं सिरिल हॅझर्ड यांनी आखून दिलेलं एक पिधान पाहिलं. ३सी २७३ नावाचा रेडिओ स्रोत चंद्राआड गेला आणि त्याचे दोन भाग असल्याचं निघालं, दोन पायऱ्यांत गेला म्हणून. शिवाय त्याची जागा इतकी नेमकी कळली की मार्टिन श्मिटला तिथला तारा शोधून त्याचा वर्णपट तपासता आला, आणि १९६३ मध्ये क्वेसार जगाला ठाऊक झाले. त्याच वर्षी गोविंद स्वरूप परदेशातून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्यांच्या गटानं आधी १९६५ मध्ये कल्याणला सहा-सहा फुटांच्या बत्तीस अँटेना ओळीत मांडून सूर्य पाहिला. त्या अँटेना ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, भेट म्हणून आलेल्या. आणि मग स्वरूपांनी ठरवलं की पार्क्सनं एकदा केलं ते आपण रोज करायचं.

उटीची रेडिओ दुर्बीण त्यासाठीच बांधली. लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर. हुशारी होती ती जागेत. निलगिरीतली ११ अंशांच्या उताराची टेकडी शोधली, कारण उटीचा अक्षांशही ११. उतारावर उत्तर-दक्षिण टाकलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली. एकाच अक्षावर फिरवत ठेवली की चंद्राचा रोज साडेनऊ तास पाठलाग. १९७० मध्ये ती चालू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हजारावर फिकट रेडिओ स्रोतांचे आकार तिनं चंद्राच्या कडेवर मोजले. एवढ्या कमी पैशांत एवढं अचूक काम त्या वेळी जगात इतरत्र होत नव्हतं, असं म्हणायला मला तरी संकोच वाटत नाही.

त्यातून जे निघालं त्याला घरातल्याच वादाची किनार होती. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की फिकट स्रोतांचे आकार ज्या रीतीनं लहान होत जातात, ती रीत विश्व काळाबरोबर बदलत आलंय असं मानल्याशिवाय जुळत नाही. महास्फोटाच्या बाजूनं हा पुरावा. आणि स्थिर स्थिती विश्वाचे खंदे पुरस्कर्ते जयंत नारळीकर १९७२ पासून त्याच टाटा संस्थेत होते! १९६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणानं त्या सिद्धांताची बाजू लंगडी झालेलीच होती. नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर पुढे त्याचं सुधारलेलं रूप मांडलं आणि मे २०२५ मध्ये पुण्यात वारले तोवर महास्फोटाविषयीच्या शंका सोडल्या नाहीत. पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी उभारलेली आयुका आणि स्वरूपांनी उभारलेलं रेडिओ खगोल केंद्र एकमेकांच्या शेजारी आहेत. मतं वेगळी, कुंपण एक.

डोळ्यांना दिसणाऱ्या आणि अवरक्त प्रकाशात भारतात जे काम झालं त्याचा मोठा वाटा अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा, म्हणजे अबूच्या गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीचा. अवरक्त प्रकाशात चंद्राचं चांदणं कमी आड येतं आणि लाल राक्षसी तारे लखलखीत दिसतात. विकलेच्या हजाराव्या भागात दोन-तीनपर्यंतचे बारकावे तिथे मिळाले. नैनितालजवळच्या देवस्थळच्या दुर्बिणींवरही अलीकडे पिधानं घेतली जातात. जगात सर्वांत मोठा साठा आंद्रेआ रिचिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणीवर जमवला, हजारावर प्रकाशवक्रांचा.

मग आज या पद्धतीची किंमत काय? व्यास मोजण्याच्या बाबतीत तिचे दिवस बरेचसे सरले, असं माझं मत आहे. माउंट विल्सनवरच्या चारा या इंटरफेरोमीटरचे आरसे ३३० मीटर अंतरापर्यंत पसरलेले आहेत, तो हवा तो तारा हव्या त्या रात्री मोजतो. पिधानात निवड चंद्राची. आकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा त्याच्या वाटेत येतो आणि एखाद्या ताऱ्याची पाळी एकदा संपली की पुढे कित्येक वर्षं ती परत नाही. अगदी छोट्या बिंबांचा मान तर २०१८ मध्ये लघुग्रहांना मिळाला. अमेरिकेतल्या व्हेरिटास या गामा किरणांसाठी बांधलेल्या दुर्बिणींनी इम्प्रिनेट्टा नावाच्या लघुग्रहामागे जाणारा एक तारा पाहिला; व्यास निघाला विकलेच्या हजाराव्या भागाचाही आठवा हिस्सा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हानलेला उभारलेल्या २१ मीटरच्या मेस दुर्बिणीची जात तीच आहे.

जोडताऱ्यांचं मात्र तसं नाही. गायानं २०२२ मध्ये आठ लाखांवर जोड्यांची यादी दिली, तरी ठळक ताऱ्यांच्या अगदी जवळच्या जोड्या, दहा-वीस वर्षांच्या फेऱ्याच्या, त्याच्याही हातून निसटतात. तिथे गच्चीवरच्या माणसाला अजून जागा आहे. त्यासाठी लागतं काय? सहा-आठ इंची दुर्बीण, सेकंदाला निदान पंचवीस चौकटी टिपणारा कॅमेरा आणि प्रत्येक चौकटीवर वेळ छापणारं जीपीएस. पंचवीस चौकटी म्हणजे चाळीस मिलिसेकंदांची पायरी, ती थोडी ढोबळच. हल्लीचे कॅमेरे छोटी खिडकी ठेवून दोनशेच्या वर जातात. पहिल्या वर्षी मी मोबाइलच्या घड्याळावर विसंबलो आणि सगळ्या नोंदी रद्दीत गेल्या. दुसऱ्या वर्षी घेतलेला कॅमेरा मधल्या चौकटी गुपचूप गाळत होता, ते कळायला तीन महिने लागले. तिसऱ्या वर्षी उपकरणं ठीक होती आणि चार घरं पलीकडे वरातीचा डीजे. गच्ची हलत होती, पडद्यावर तारा नाचत होता. पण तोही शेवटी एकाच झटक्यात गेला. पायरी असेल तर ती डीजेच्या तालातही दिसते.

एक अट मात्र समजून घ्यायला हवी. एका जागेवरून घेतलेलं पिधान दोन ताऱ्यांमधलं खरं अंतर देत नाही, फक्त चंद्राच्या कडेला काटकोनात पडणारा त्याचा हिस्सा देतं. पूर्ण अंतरासाठी वेगळ्या कोनातून दुसरी नोंद लागते. यवतमाळ नेरपासून जवळ, तिथल्या मित्राच्या गच्चीचा उपयोग नाही. चंद्राच्या कडेवर एखाद्या अंशाचा फरक पडतो, बस. कोल्हापूर नेरच्या अक्षांशापासून चारशे किलोमीटर दक्षिणेला, तिथून कोन चौदा-पंधरा अंशांनी बदलतो आणि मग दोन्ही नोंदी एकमेकींना उपयोगी पडतात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, हौशी लोक गावोगाव आहेत. विदर्भातून कोणी फारसं दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं.

सध्या पाळी ज्येष्ठेची आहे, २०२८ पर्यंत. विदर्भात तिचा त्रास असा की संध्याकाळचा वाढता चंद्र तिच्यापाशी येतो तो आषाढ-श्रावण-भाद्रपदात, ढगांत. माघ ते चैत्र आभाळ स्वच्छ असतं, पण चंद्र तेव्हा उतरता आणि वेळ पहाटेची. स्पर्श, म्हणजे तारा आड जाणं, उजळ कडेशी होतो, तो चकाकीत बुडून जातो. मोक्ष, म्हणजे तारा बाहेर येणं, अंधाऱ्या कडेला. पण ज्येष्ठेला मोक्षच पाहावा. १३ एप्रिल १८१९ ला व्हिएन्नामध्ये बुर्ग नावाच्या ज्योतिर्विदाला अशाच पहाटे ज्येष्ठेच्या आधी एक फिकट तारा उगवलेला दिसला. सव्वीस वर्षांच्या आत, १८४४ च्या जुलैत, कंपनी सरकारच्या नोकरीतल्या जेम्स ग्रँटनं हिंदुस्थानातूनच तो सोबती दुर्बिणीत वेगळा पाहिला. तांबड्या ज्येष्ठेच्या झगमगाटात तो एरवी सापडत नाही, आणि सापडला तर हिरवट वाटतो.

शेजारच्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं: लाईन येते तेव्हा कोणती फेज आंदी येते? सोबती ज्येष्ठेच्या पश्चिमेला आहे आणि चंद्राची मागची कड पश्चिमेकडून उघडत जाते. त्यामुळे धाकटी आधी येते. थोरली तिच्यामागून, पाच-सहा सेकंदांनी.